लिंबाचा अंगारा

परभणीजवळच्या झरीपासून कोसभरावरच्या एका गावात १९८४ च्या श्रावणात दर सोमवारी जत्राच भरायची. जुन्या कडुलिंबाच्या बुंध्याला लाल कापडाचा सैल घोळ, त्याखाली काळी शिळा, आणि शिळेवर रोज सकाळी आपोआप उतरलेला तपकिरी अंगारा! अंगारेबुवा सगळ्यांदेखत शिळा धुवायचे, गावकरी पहारा द्यायचे, तरी सकाळी थर हजर.

"कैलासाहून येतो ह्यो!" बुवा गर्जायचे. "खोकला, कावीळ, बाधा, समद्यावर एकच. पण दवा आन् अंगारा एका पोटात नांदत न्हाईत!"

कैलासाहून निघालेल्या अंगाऱ्याला नेमकं हेच गाव कसं सापडतं, हे कुणी विचारलं नाही. कस्तुराबाईनंही नाही. तिचा नवरा क्षयानं गेला होता आणि आता तोच रोग नऊ वर्षांच्या बायनाला जडला होता. तीन महिने सुया टोचूनही ताप हटेना, तेव्हा तिनं दवाखाना सोडला. सव्वा महिना पोरीला अंगारा पाजला. आता बायनाच्या थुंकीत रक्त यायला लागलं होतं.

कस्तुराबाई झरीच्या शाळेत पाणी भरायची. एके दिवशी तिनं भरली घागर रांजणापाशीच टाकून दिली. विज्ञानाच्या सुमनबाई धावत आल्या, तसा तिनं कनवटीचा अंगाऱ्याचा पुडा पुढं केला.

"ह्याच्यात देव हाय का न्हाई, तेवढं सांगा बाई. माझी पोर हातची जायलीय."

सुमनबाईंनी दोन काचा घेतल्या. एकीवर चुलीतली राख, दुसरीवर अंगारा. सूक्ष्मदर्शक उजेडाकडं वळवून म्हणाल्या, "तुम्हीच बघा."

राखेचे वेडेवाकडे तुकडे दिसले. अंगाऱ्याचे मात्र हजारो तपकिरी दाणे, सगळे अंड्याच्या घाटाचे, सगळे सारखे.

"हे जळालेलं न्हाई बाई. बी असल्यावानी दिसतंय."

"बीच म्हणा. लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचं असावं. पण पहिले पोरीला परभणीला न्या."

परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. एक फुप्फुस पार पोखरलं होतं. "सुया थांबवायला नको होत्या," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी बायनाला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सुया पुन्हा सुरू केल्या.

सोमवारी बायनाला दवाखान्यात आपल्या बहिणीच्या हवाली करून कस्तुराबाई अंगाऱ्याच्या गावात आली. सुमनबाई सूक्ष्मदर्शक घेऊन आधीच आल्या होत्या.

"नळीतून देव बघायलेत! डोळे जातील!" बुवा ओरडले.

कस्तुराबाई गर्दी सारत पुढं झाली आणि तिनं लाल कापड ओढलं. बुंध्याला ताटाएवढ्या चकचकीत तांबूस बुरशा चिकटल्या होत्या, एकाखाली एक. कापडाची आतली बाजू तपकिरी भुकटीनं माखली होती.

सुमनबाईंनी एका बुरशीची खालची बाजू काचेवर खरवडली. शेजारी शिळेवरचा अंगारा ठेवला. पहाऱ्याला बसणाऱ्या म्हाताऱ्या मुंजाजींना कस्तुराबाईनं हाताला धरून आणलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दोन्ही एकच हाय," ते म्हणाले. "आमी ह्याला राखण बसलो व्हय?"

"झाड आतून कुजतंय," सुमनबाई म्हणाल्या. "ओल्या हवेत बुरशी लाखो बीजाणू सोडते, ते शिळेवर पडतात. बुवांनी फक्त बुरशी झाकली."

बुवा काही पुटपुटत झोळी उचलून चालते झाले. लोक त्यांच्या मागं धावणार, तोच कस्तुराबाई आडवी आली.

"त्याला नंतर बघा! आधी सांगा, कुणाकुणाची दवा बंद हाय? मी येडी नव्हते, भ्याले होते. भ्यालेल्या माणसाला कुणीबी फसवतंय. देवाला हात जोडा, म्या न्हाई म्हणत न्हाई. पण कुणी काही पाजायला दिलं, तर आधी इचारा, हे काय हाय. तुमी इचारा. माझ्यानं ते लय उशिरा झालं."

 गर्दीतल्या सिद्धम्मानं आपल्या नवऱ्याचा, सांबप्पाचा, सुजलेला हात वर केला. त्यामागं आणखी एक हात वर आला. मग आणखी दोन.

दुपारच्या परभणीच्या एसटीत चार आजारी माणसं चढली. त्यांच्याबरोबर कस्तुराबाई होती, बायनाच्या पुढच्या सुईची वेळ गाठायला.