लिंबू-मिठाला माझे हिरवे उत्तर

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे नाणे आहे आणि मी डूख धरते. नाग बारा वर्षे डूख धरतो म्हणतात. मी दोन हजार वर्षांचे आहे, तेव्हा अंदाज तुम्हीच करा.

पहिला सूड मी जन्मतःच उगवला. टाकसाळीत कारागिराने माझ्यावर ठसा ठेवून असा घण घातला की माझी किंकाळी तीन गावे पलीकडे ऐकू गेली. मग मीही जरा सरकले. त्यामुळे राजाचे नाक थेट कानाशेजारी उमटले. कारागिराची नोकरी गेली म्हणतात. गेली तर गेली. माझ्या पाठीवर मात्र एक घोडा आहे, पुढचा एक पाय उचललेला. त्याच्यावर मी कधी राग धरला नाही. त्याने माझे काय वाकडे केले होते?

पुढे बाजारात हातोहात फिरले आणि एका फाटक्या थैलीतून जमिनीवर पडले, ते हळूहळू मातीखाली गेले. तिथे सतराशे वर्षे झोपले. त्या काळात मातीने माझ्या अंगावर हिरवट काळी साय चढवली. लोक तिला मळ समजतात. मित्रांनो, ती माझी कातडी होती.

मग एका विहीर खोदणाऱ्याची पहार माझ्या कडेवर बसली. खाच पडली. मी त्याच्यावर डूख धरणारच होते, एवढ्यात त्याने मला उचलले, फुंकर घातली आणि विचारले, "लागलं का रे?"

दोन हजार वर्षांत मला असे कोणी विचारले नव्हते. त्याला माफ केले.

त्याने मला एका तपकिरी पाकिटात ठेवले आणि वर लिहिले, "विहिरीत सापडलं. पहार माझीच लागली. चूक कबूल." तिथून त्या घराची रीतच पडली. ज्याच्याकडे मी जाईन त्याने पाकिटावर आपली ओळ लिहायची, आणि माझ्याशी जे चुकले असेल ते कबूल करायचे. त्याची सून कपडे शिवायची. माझ्याभोवती खडू फिरवून ती बटणांच्या जागा आखायची. तिने लिहिले, "एकदा इस्त्रीखाली गेलं. चूक कबूल." तिचा नवरा घड्याळे दुरुस्त करायचा. त्याने गोल खळ्यांचा लाकडी खण बनवला आणि लिहिले, "याला सोबत म्हणून एकशे बारा नाणी जमवली. एकटं असतानाच जास्त बरं दिसायचं. चूक कबूल." याच घड्याळजीने जाताना सर्वांसमोर सांगितले, "नाणं नातीला द्या."

नात चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आजोबांच्या भिंगातून माझा घोडा बघत बघतच ती मोठी झाली. पण तिचा काका पुढे सरसावला. "तिच्या खोलीत ओल आहे. मी सांभाळतो." ओल! हा शब्द लक्षात ठेवा.

काकाचे भांड्यांचे दुकान. चकाकेल ते चांगले, एवढेच त्याचे शास्त्र. त्यात नाणेसंग्राहकांच्या मंडळाने प्रदर्शन जाहीर केले. सर्वांत चांगले जुने नाणे वाचनालयाच्या काचेच्या कपाटात कायमचे ठेवणार, खाली नावाची पाटी लावणार. काकाला त्या पाटीवर स्वतःचे नाव दिसू लागले.

एका रविवारी त्याने जेवणाच्या टेबलावर अर्धे लिंबू, मीठ आणि दात घासायचा जुना ब्रश मांडला. टेबलाचा एक पाय आखूड, ते डुगडुगायला लागले. काकाने मला पाकिटातून काढले, पाकिटाची चौघडी केली आणि त्या पायाखाली चिकटपट्टीने पक्की बसवली.

"अहो, त्यावर सासूबाईंचं अक्षर आहे!" काकू म्हणाली.

"अक्षराला काय चाटायचंय? टेबल हलतंय ते बघ."

आणि तो घासू लागला. सतराशे वर्षांची कातडी, मित्रांनो, अर्ध्या तासात गटारात गेली.

"बघ कसं लखलखतंय! कालच पाडल्यासारखं."

"हो ना," काकू म्हणाली, "आता कुणालाही तसंच वाटेल."

मला ओल्या फडक्याने पुसून त्याने निळ्या मखमलीच्या डबीत कोंबले. चमक उडू नये म्हणून डबी घट्ट बंद केली. तीन आठवडे! अंधारात मी शपथ घेतली. कातडीचा सूड आणि पाकिटाचा सूड, दोन्ही घेईन. हत्यारे त्यानेच पुरवली होती. मीठ माझ्या रंध्रांत शिरले होते, मखमलीत ओल होती, आणि राग माझा घरचाच होता. तिघांचे गूळपीठ जमले. माझ्या अंगावर फिकट हिरवी पूड फुटू लागली. तांबे खाणारी पूड. मी म्हटले, ये बाई, खा, पोटभर खा.

एकदा डबीबाहेर नातीचा आवाज आला. "काका, आजोबांचं पाकीट द्या ना. माझी ओळ लिहायचीय."

"पाकीट? वाळवीनं खाल्लं गं ते."

"मग नाणं तरी दाखवा."

"आता थेट प्रदर्शनात बघ. डोळे दिपतील तुझे."

 ज्या टेबलावर हात टेकून ती उभी होती, त्याच्याच पायाखाली तिची तीन माणसे दबली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात टेबले कमी पडली, म्हणून काकाने घरचेच आणले. मंडळाच्या अध्यक्षबाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, गळ्यात भिंग. काकाने छाती फुगवली.

"हे नाणं मी स्वतः शोधून काढलंय. वर्षानुवर्षं भटकून!"

आणि त्याने डबी उघडली.

आत हिरवे पीठ. काकाने घाईने फुंकर मारली. ती विहीर खोदणाऱ्याची फुंकर नव्हती. सगळी पूड उलटून त्याच्याच तोंडावर बसली. मिशा हिरव्या, भुवया हिरव्या. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले.

बाईंनी भिंग लावले. "लिंबू लावलंत का?"

"छे, छे!"

"लिंबू," खुर्चीतून काकू म्हणाली. "आणि मीठ."

"आणि मग डबी बंद?"

"तीन आठवडे."

"काहीतरीच बोलू नकोस!" काकाने टेबलावर मूठ आपटली. चिकटपट्टी सुटली, टेबल कलले आणि पाकिटाची चौघडी नातीच्या पायाशी येऊन पडली. तिने ती उलगडली. तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. "पहार माझीच लागली" ऐकताच अध्यक्षबाईंनी माझ्या कडेवरून नख फिरवले. खाचेत ते अडकले.

"शोध तुमचा नाही तर," त्या म्हणाल्या. "कपाटात हे पाकीटच लावू. पण एक ओळ राहिलीय." आणि त्यांनी काकाच्या हातात पेन दिले.

काकाने पेनाचे टोपण तीनदा काढले आणि तीनदा लावले. शेवटी हिरव्या मिशांतून घाम गाळत त्याने लिहिले, "लिंबू-मीठ मीच लावलं. पाकीट पायाखाली मीच घातलं. चूक कबूल."

"डबीचंही लिहा," काकू म्हणाली.

"लिहितो गं बाई, लिहितो."

मित्रांनो, त्या दिवशी मी इतके खूश होते की राजाला अजून एक कान असता तर तोही नाकाशेजारी उमटवला असता!

नातीने मला घरी नेले. पूड अजून मला खातच होती. कित्येक महिने ती रोज शुद्ध पाण्यात मला भिजवायची, पाणी बदलायची, भिंगाखाली धरून लाकडी काडीने एकेक हिरवा कण काढायची. शेवटचा कण निघाला तशी ती एकदम थांबली. मला अगदी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "लागलं का रे?"

मला ती खाच आठवली. मग कळले, ती मला विचारत नव्हती. ती घोड्याला विचारत होती.

त्याचा उचललेला पाय गेला होता. मी पुडीला पोटभर खा म्हटले, तेव्हा कोणाला खायचे ते सांगितलेच नव्हते. राजाचे वाकडे नाक तसेच शाबूत होते. दोन हजार वर्षे माझ्या पाठीला पाठ लावून उभा राहिलेला घोडा मात्र आता तीन पायांवर उभा आहे.

नातीने तिची ओळ लिहिली, "वेळेवर हक्कानं मागितलं नाही. चूक कबूल." आता पाकिटासकट मी वाचनालयाच्या काचेच्या कपाटात असते. याल तेव्हा बघा. जुन्या वस्तूला चकाकवायला जाऊ नका, तिची कातडी तिच्याजवळ राहू द्या, आणि तिच्यासोबतचा कागद तिच्याइतकाच जपा. न जपाल तर डूख धरणारे आम्ही अजून पुष्कळ आहोत. काकावरचा माझा राग? तो आहे तसाच आहे, विचारू नका.

पण पाकिटावर तळाशी एका ओळीची जागा मोकळी आहे. मला हात नाहीत, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणाचे अक्षर बरे असेल त्याने एवढे लिहा. "घोड्याचा पाय मीच खाल्ला. चूक कबूल."