परतीच्या नळीवरची गाळणी

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. माझा निळा रंग खाऱ्या वाऱ्याने बराच उडाला आहे आणि डाव्या दाराला कडीऐवजी दोरी आहे. पण मी रोज चालतो. दिघीच्या लोकांना विचाराल तर ते मला 'मकसूदचा निळा' म्हणून ओळखतात.

मकसूदभाई म्हणजे माझे मालक आणि तेच माझे चालक. ते अनेक वर्षे मस्कतला गाडी चालवत होते. परत आल्यावर त्यांनी मला विकत घेतले. तेव्हा मी नवाकोरा होतो. त्यांच्या बायकोने, गुलबानूने, माझ्या आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधला होता. माणगावच्या बाजारातून तांदळाची पोती, बंदरावर बर्फाच्या लाद्या, घरे बांधायला जांभ्याचे चिरे, जे म्हणाल ते मी वाहिले. माझे पॉवर स्टिअरिंग इतके हलके होते की मकसूदभाई कौतुकाने म्हणत, "याला नुसतं सांगायचं, वळ बाबा, की वळतो!"

हे स्टिअरिंग हलके कसे राहते, ते सांगतो. माझ्या पोटात एक पंप आणि तेलाची एक डबी आहे. तो डबीतले तेल जोराने स्टिअरिंगच्या पेटीत ढकलतो. ते तेल चाके वळवायला मदत करते आणि दुसऱ्या नळीने पुन्हा डबीत येते. असे तेच तेल सतत फिरत राहते.

वय झाले तसा माझा पंप कण्हू लागला आणि स्टिअरिंग जड झाले. मकसूदभाईंनी रस्त्यावरच्या एका गॅरेजात पंप बदलून घेतला. थोडे दिवस बरे गेले आणि नवा पंपही कण्हू लागला. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. माझे जड स्टिअरिंग ओढून ओढून मकसूदभाईंचा उजवा खांदा धरला. गुलबानू गरम मिठाची पोटली लावायची आणि म्हणायची, "ह्या गाडीपायी हात घालवणार का तुम्ही?"

अशा दिवसांत भागुबाईचे काम आले. भागुबाई आतल्या गावची भातशेती करणारी बाई. नवरा गेल्यावर तिने स्वतःच्या हिमतीवर घर बांधायला घेतले होते. चिरे पसंत करायला ती स्वतः खाणीवर आली आणि परत जाताना माझ्याच केबिनमध्ये बसली.

तिच्या गावाच्या आधी एक उतार आहे. उतारावर उजवीकडे वळण आणि डावीकडे खोल ओढा. वळणाशी आलो आणि माझे स्टिअरिंग अडकल्यासारखे घट्ट झाले. मकसूदभाईंनी ब्रेक दाबला, पण पाठीवरच्या चिऱ्यांचे वजन मला पुढे रेटत होते. बारीक खडीवरून मी कडेकडे सरकू लागलो.

"या अल्ला! वळत नाय!" मकसूदभाई ओरडले.

भागुबाई किंचाळली नाही. तिने पुढे वाकून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. "वडा तुमी खाली! मी वर रेटते!"

त्यांनी उजवीकडून खाली ओढले, तिने डावीकडून वर रेटले. माझी चाके कुरकुरत वळली आणि मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. कडेचा एक दगड सुटून ओढ्यात पडला, त्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला.

दोघांनी मिळून मला कसेबसे गावात नेले. चिरे उतरल्यावर मकसूदभाई म्हणाले, "बस झालं. आता याला भंगारात देतो."

"ते तुमी ठरवा," भागुबाई म्हणाली. "पन माजी निम्मी भिंत ऱ्हायली हाय. दुसरा कोन ह्या वाटंला यायला तयार न्हाय. तुमी जबान दिलीत मकसूदभाई."

मकसूदभाईंनी मान डोलावली. दिलेला शब्द ते मोडत नसत. घरी येऊन त्यांनी भंगारवाल्या विनेशला निरोप धाडला, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन जा. आणि मला हळूहळू चालवत माणगावला रतन मिस्त्रीकडे नेले.

"फक्त एका खेपेपुरतं नीट कर," ते म्हणाले. मला फार वाईट वाटले.

रतनने माझे तेल एका स्टीलच्या ताटलीत काढले आणि उन्हात धरले. काळ्या तेलात चांदीसारखी बारीक पूड चमकत होती.

"मकसूदभाई, हा पहिल्या पंपाचा चुरा. पंप बदलले, पण आतलं धुतलं होतं का कुणी?"

"धुवायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"मग नवा पंपही हेच पीत राहिला. आतून घासला गेला, त्यानं आणखी चुरा सोडला. दोष गाडीचा नाही."

दोष गाडीचा नाही! मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटले, कसे सांगू?

रतनने माझी पुढची चाके जॅकवर उचलली. नवे तेल ओतत, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत मला आतून धुतले. डबीही उघडून पुसली. पंप बदलला. शेवटी पेटीकडून डबीकडे परतणारी नळी कापून तिच्यामध्ये एक छोटी गाळणी बसवली. तिच्यावरचा बाण त्याने डबीच्या दिशेला केला.

"परतीच्या नळीत तेलाचा जोर कमी असतो, म्हणून ती इथं," तो म्हणाला. "राहिलेला चुरा इथं अडेल, पंपापर्यंत जाणार नाही. ही पहिली गाळणी लवकर बदला, कारण तीच जास्त भरेल."

मला सुरू केले. पंप कण्हला नाही. मकसूदभाईंनी जपून स्टिअरिंग धरले, थोडे फिरवले, मग आणखी फिरवले आणि एकटेच हसू लागले. "अरे रतन, हा तर परत ऐकायला लागला!"

भागुबाईचे उरलेले चिरे मी एका खेपेत पोचवले. तिने माझ्या चाकांवर पाणी घातले आणि मकसूदभाईंना तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या.

ठरल्याप्रमाणे विनेश दारात आला. त्याने मला चारी बाजूंनी पाहिले. मकसूदभाई म्हणाले, "आधी एक चक्कर मारून ये." विनेश बंदरापर्यंत जाऊन आला, खाली उतरला आणि डोके खाजवत म्हणाला, "मकसूदभाई, मी भंगारवाला. ही गाडी मी कशी नेऊ?"

गुलबानू पदर तोंडाला लावून हसली. विनेशने चहा घेतला आणि खराब झालेले पंप तेवढे पोत्यात घालून नेले.

आता रतन गाळणी बदलतो तेव्हा जुनी कापून आम्हाला दाखवतो. पहिली चुऱ्याने गच्च भरली होती, नंतरचीत थोडाच होता, आणि गेल्या वेळची जवळजवळ कोरी निघाली. मकसूदभाईंचा खांदाही पुष्कळ बरा आहे. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी जुने असेल. एखादा पंखा, सायकल, पाण्याची मोटर. ते कुरकुरू लागले तर लगेच टाकून देऊ नका, आणि घाईने नवा भागही बसवू नका. आधी त्याच्या आत काय साचले आहे ते बघा. ते काढा, धुवा, आणि पुन्हा साचू नये म्हणून जमेल तिथे एक छोटीशी गाळणी लावा. तुमच्यासाठी ते थोडेसे काम असते, पण आम्हाला त्यातून आयुष्य मिळते.