वळणाबाहेरची मोकळी जागा

«वेगाचे अनभिषिक्त सम्राट, मृत्यूशी हसत हसत हस्तांदोलन करणारे, आम्हा सर्वांचे लाडके...»

"थांब," सुसाटराव म्हणाले. "मृत्यूशी हस्तांदोलन? मी त्याला दाराबाहेर ठेवला म्हणून तर गुडघे दुखायचं वय गाठलं. खोड ते."

बायकोने मैदानाकडून आलेल्या मानपत्राच्या मसुद्यावरून मान वर केली. "अहो, पहिलीच ओळ आहे. गाडी सुरू व्हायच्या आधीच ब्रेक लावताय."

"ब्रेक लावण्यातच हयात गेली माझी."

हे काही खोटं नव्हतं. तीनदा अजिंक्यपद मिळवलेला हा माणूस एके काळी वळणातून असा निघायचा की प्रेक्षकांनी त्याचं नावच सुसाट ठेवलं. मग त्याच्या जिवलग दोस्ताचा, बोक्याचा, शर्यतीत जीव गेला. त्यानंतर सुसाटरावांनी गाडीत पट्टा बांधला, शर्यतीला डॉक्टर हजर हवा म्हणून हटून बसले, आणि धावपट्टीच्या कडेचे जाहिरातींचे खांब उपटायला लावले. एकदा तर सगळ्या चालकांना हेल्मेट मांडीवर घेऊन सुरुवातीच्या रेषेवरच बसवलं. खांब निघेपर्यंत शर्यत नाही म्हणजे नाही. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना दुसरं नाव दिलं: आजीबाई. शर्यती जिंकून मिळालेलं नाव चार वर्षं टिकलं. दुसरं बरंच जास्त टिकलं.

«...सुरक्षिततेच्या क्षेत्रातही त्यांचे योगदान मोलाचे आहे.»

"एवढंच?"

"एवढंच. पुढे कार्यक्रम आहे. शनिवारी तुमच्या जुन्या गाडीतून तुम्ही मानाची एक फेरी मारायची. मग तुमच्या आवडत्या वळणावर पुतळ्याचं अनावरण. रविवारी शर्यत."

"वळणावर म्हणजे कुठे? आतल्या अंगाला की बाहेरच्या?"

"मानपत्रात आतलं अंग, बाहेरचं अंग कोण लिहितं हो?"

सुसाटराव उठून किल्ली शोधू लागले.

*

बाहेरच्या.

वळणाच्या बाहेर खडीचा रुंद पट्टा होता. गाडी सुटली की तिने खडीत रुतावं, थांबावं, आणि आतल्याने शिव्या घालत उतरून चालू लागावं, यासाठी. त्याच्या बरोब्बर मधोमध दगडी चौथरा उभा होता. वर कापडात गुंडाळलेलं कुणीतरी हात उंचावून उभं. पाहुण्यांचे बूट खराब होऊ नयेत म्हणून धावपट्टीपासून चौथऱ्यापर्यंत खडीवर गुळगुळीत फरशी टाकली होती. चौथऱ्यावर कोरलं होतं: सुरक्षिततेच्या शिल्पकारास.

"काका! फोडलंत ना गुपित!" मैदानाचा अध्यक्ष लांबूनच हात हलवत आला. हा बोक्याचा मुलगा. बाप गेला तेव्हा बुटाची नाडी बांधता येत नव्हती, आता पोट सुटलं होतं, पण सुसाटरावांना तो 'काका' म्हणायचा आणि ते त्याला 'बाळ'.

"हे काय आहे, बाळ?"

"तुम्ही!"

"ते कळलं. मी इथे काय करतोय?"

"सगळ्या गॅलऱ्यांतून दिसणारी ही एकच मोकळी जागा आहे, काका. नशीबच म्हणायचं."

"मोकळी का आहे ती?"

"म्हणजे?"

"अरे, मोकळी राहिली नाही ती, ठेवलीय! सुटलेल्या गाडीला थांबायला. हा दगड इथे ठेवणं म्हणजे विहिरीच्या तोंडाशी साबण लावण्यासारखं आहे."

अध्यक्ष हसला. डोळे मात्र पाणावले. "आई म्हणायचीच, काकांना कौतुक सोसत नाही."

"कौतुकाचं नाही बोलत मी! दगडाचं बोलतोय!"

"तेच ते, काका. किती विनय."

"तपासणीवाल्यांनी हे पाहिलंय?"

"तपासणी झाली की. दोन महिन्यांपूर्वी."

"तेव्हा हा होता इथे?"

"तेव्हा कुठला? तेव्हा तुम्ही मूर्तिकाराकडे चिखलात होतात. कमरेपर्यंत."

*

शुक्रवारी सुसाटराव ज्याला त्याला सांगत फिरले. जे घडलं ते असं:

मैदानाच्या व्यवस्थापकाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून म्हणाला, "बघा. स्वतःचा पुतळा नको म्हणणारा माणूस बघून घ्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुतळ्याचा खर्च उचलणाऱ्या टायर कंपनीच्या बाई म्हणाल्या, "आपण चौथऱ्याभोवती टायर रचू या ना, सर. आमचेच. वर मखमल."

"मखमल कशाला?"

"उघडे टायर बरे दिसत नाहीत, सर."

गेल्या वर्षीचा विजेता गॅरेजमध्ये भेटला. सुसाटरावांनी त्याचा दंड धरला. "त्या वळणावर तुझी गाडी सुटली तर?"

"माझी सुटत नाही, सर."

"माझ्या दोस्ताचीही सुटत नव्हती."

"सर, एक फोटो. जरा इकडे. हसा ना."

पालथ्या घड्यावर पाणी. एके काळी लोक त्यांच्यावर चिडायचे, 'आजीबाई, घरी जाऊन लोकर विणा' म्हणायचे, गाडीवर टोमॅटो फेकायचे. ते परवडलं. चिडलेल्या माणसाने निदान ऐकलेलं असतं. हे लोक आदराने मान डोलवायचे, आणि त्या डोलणाऱ्या मानेवरून शब्द ओघळून जायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, आणि वर हार घालून.

संध्याकाळी अध्यक्षाने शेवटचं सांगितलं. "काका, रविवारची शर्यत होऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथे हलवू. आता पाहुणे येणार, कॅमेरे लागलेत. आणि खरं सांगू? मला तुम्ही तिथेच हवे आहात. बाबा गेले त्या जागी."

यावर सुसाटरावांकडे उत्तर होतं. पण ते त्यांनी देऊ नये असं ठरलेलं होतं.

*

«...याच वळणावर त्यांचे परममित्र वाऱ्याच्या वेगाने अनंतात विलीन झाले, आणि...»

वाऱ्याच्या नाही.

बोक्याचे ब्रेक गेले होते. पण बोका तो, उगाच नाव नव्हतं पडलं. गिअर उतरवत, गाडी आडवीतिडवी फिरवत त्याने वेग पार मारून टाकला. वळणाबाहेर गवतात शिरला तेव्हा गाडी उतारावर सोडलेल्या सायकलीसारखी चालली होती. मागून येणाऱ्या सुसाटरावांना वाटलं, वाचला. गवतात एक खांब होता, साबणाच्या जाहिरातीचा, लोखंडी. गाडी त्याला जाऊन टेकली. टेकलीच म्हणायची. पट्टा नव्हता, सुकाणूचा दांडा छातीत गेला. सुसाटरावांनी भर शर्यतीत गाडी थांबवली आणि धावले. डॉक्टर प्रेक्षकांत कुठेतरी होता. रुग्णवाहिका पाहुण्यांच्या मोटारींमागे अडकली होती. बोका बराच वेळ बोलत होता. म्हणत होता, "अरे, एवढ्याशा धक्क्याने काय होतंय मला."

हे सगळं त्यांनी बोक्याच्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "भावजी, पोराला हे सांगू नका. वेगात गेला म्हणू देत लोकांना. साबणाच्या खांबाला टेकून गेला हे ऐकून पोर कसं वाढेल?" त्यांनी शब्द दिला. आता ती बाईही राहिली नव्हती. शब्द मात्र राहिला होता, आणि पोर वेगवान बापाच्या गोष्टीवर वाढून, अध्यक्ष होऊन, त्याच जागी नवा खांब रोवून बसलं होतं. दगडी. वर काकांचं नाक असलेला.

*

शनिवारी गॅलऱ्या भरल्या. जुनी गाडी धुऊनपुसून आणली होती. सुसाटराव आत बसले आणि पट्टा आवळू लागले. बायको खिडकीशी वाकली. मानाच्या एका संथ फेरीसाठी कुणी पट्टा इतका आवळत नाही, हे तिला कळायला चाळिसेक वर्षांचा संसार पुरेसा होता.

"किती वेगात?" तिने विचारलं.

"बोका होता तेवढ्याच."

"आयुष्यभर जगाला शिकवलंत, आणि आता..."

"सांगून पाहिलं ना. तूच सांग, कुणी उरलंय का सांगायचं?"

ती आणखी खाली वाकली. मग आत हात घालून तिने पट्टा आणखी एक घर आवळला आणि हेल्मेटचा बंद हनुवटीखाली चापून बसवला. "खोटं बोलला असतात तर किल्ली काढून घेतली असती," ती म्हणाली.

वळण आलं. गाडी इतकी हळू चालली होती की गॅलरीतल्या लोकांना ते हात हलवतील असं वाटत होतं. सुसाटरावांनी सुकाणू सरळच ठेवलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला. खडी असती तर गाडी तिथेच रुतली असती. पण पाहुण्यांच्या बुटांसाठी फरशी होती. गाडी फरशीवरून अशी गेली जशी सरबराई घ्यायलाच निघाली आहे, आणि चौथऱ्याला जाऊन

टेकली.

पट्टा खांद्यात रुतला. बॉनेटची घडी पडली, दिव्याची काच खळ्ळकन खाली आली. वर कापडातला हात उंचावलेलाच.

मग टाळ्या! गॅलऱ्या उभ्या राहिल्या. निवेदक ओरडत होता, "काय ही अदा! स्वतःच्या पुतळ्याला स्वतः मुजरा!" शिट्ट्या वाजल्या. सुसाटरावांनी हेल्मेट काढून डोकं सुकाणूवर टेकलं. त्यांना मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं आणि खांदा दुखत होता म्हणून तेही जमेना.

अध्यक्ष धावत आला. धापा टाकत त्याने दार उघडलं. "काका, लागलं का? ब्रेक गेले?"

"ब्रेक तुझ्या बापाचे गेले होते. माझे शाबूत आहेत."

"म्हणजे?"

"बाळ, मी किती वेगात होतो?"

"कुठला वेग? चालत तर होतात जवळजवळ."

"तेवढ्यातच होता तो. एवढाच धक्का होता. इथे साबणाचा खांब होता, त्याला टेकला. वारा नाही, वादळ नाही. खांब नसता तर उतरून मला शिव्या दिल्या असत्या त्याने. आज तुझ्या मुलांना खांद्यावर घेऊन फिरला असता."

अध्यक्षाने बॉनेटच्या घडीकडे पाहिलं. मग चौथऱ्याकडे. मग मागे, धावपट्टीपर्यंत गेलेल्या फरशीकडे, जिचा रंग त्याने स्वतः निवडला होता.

"आईला माहीत होतं?"

"तिनेच सांगू नको म्हटलं."

"आणि तुम्ही ऐकलंत." त्याचा आवाज चिरका झाला. "सगळ्या जगाला ऐकवलंत, काका. खांब काढा, डॉक्टर आणा, पट्टे बांधा. मला एकट्यालाच काही ऐकवलं नाहीत. मी शाळेत निबंध लिहायचो, माझे बाबा वाऱ्याच्या वेगाने गेले. बक्षीस मिळायचं."

"बाळ..."

"बाळ म्हणू नका."

तो वळला. निवेदक अनावरणासाठी त्याचं नाव पुकारत होता. अध्यक्षाने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाला की अनावरण होणार नाही, पाहुण्यांनी चहा घ्यावा, आणि क्रेनवाला जिथे असेल तिथून यावा. तेवढंच. टायर कंपनीच्या बाईंनी मखमल छातीशी धरली.

*

«...अशा या थोर विभूतीस हे मानपत्र अर्पण करताना आम्हांस...»

कुणी अर्पण केलं नाही. ते घरी टेबलावरच राहिलं.

रविवारी सुसाटराव आणि त्यांची बायको तिकीट काढून साध्या गॅलरीत बसले. मानाच्या खुर्च्यांकडून बोलावणं आलं नव्हतं. सुसाटराव टोपी डोळ्यांवर ओढून, दुखरा हात पोटाशी धरून बसले होते. अध्यक्ष समोरच्या पायऱ्यांवरून गेला. त्याने काकूंना मान लवून नमस्कार केला. काकांच्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही.

"येईल वळणावर," बायको म्हणाली.

"तिथून तर आलाय."

वळणाबाहेर पुतळा नव्हता. फरशी उखडलेली, नव्या खडीचा रंग जुन्यापेक्षा जरा उजळ. शर्यत अर्ध्यावर आली असताना गेल्या वर्षीच्या विजेत्याची गाडी, जी कधी सुटत नव्हती ती, सुटली. वाऱ्याच्याच वेगाने. एक गिरकी, दुसरी गिरकी, खडीत शिरली, खडी कारंज्यासारखी उडाली, आणि चौथरा होता त्या जागेच्याही थोडं पुढे जाऊन गाडी चाकापर्यंत रुतून उभी राहिली. विजेता उतरला. त्याने हेल्मेट आपटलं, चाकाला लाथ घातली, आणि बुटातली खडी काढायला एका पायावर उड्या मारू लागला.

सुसाटराव उभे राहिले होते. अध्यक्ष कुठे आहे ते शोधत होते. तो कुंपणापाशी पाठमोरा उभा होता. दोन्ही हातांनी जाळी धरून त्या एका पायावर नाचणाऱ्या माणसाकडे बघत होता. सुसाटरावांनी वाट पाहिली. तो मागे वळला नाही.

पुढच्या रांगेतल्या माणसाने शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. "हॅट! संपलं? पूर्वी कसं, चूक केली की मेलास. तेव्हा बघायला मजा होती. आता नुसतं वाळूत खेळतात."

"त्या आजीबाईने वाट लावली सगळ्याची," शेजारी म्हणाला.

सुसाटरावांनी टोपी काढली. तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोने त्यांच्या हातातून टोपी घेतली आणि पुन्हा डोक्यावर दाबून बसवली.

"गप्प बसा," ती कुजबुजली. "ओळखलं तर सत्कार करतील."