दहावी चौकशी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी बँकेत मयुरेशने तो कागद माझ्यापुढे सरकवला, तेव्हा रागवायला कोणी सापडेना.

"उत्तरामॅडम, चाळीस दिवसांत तुमच्या नावावर नऊ चौकशा पडल्यात," तो म्हणाला. गृहकर्जाच्या टेबलावरचा तिशीचा मुलगा, बोलायला मऊ. "म्हणजे नऊ ठिकाणी तुम्ही कर्ज मागितलंत आणि नऊ जणांनी तुमचं सिबिल उघडून पाहिलं."

"मागितलं नाही. विचारलं."

"सिस्टिमला तेवढा फरक कळत नाही, मॅडम."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. पिंपळगावला एका पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या निर्यातीची कागदपत्रं करते. परदेशी गेलेला एकही कंटेनर माझ्या कागदामुळे अडलेला नाही, आणि इथे माझाच कागद अडला होता. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून पंचवटीत दोन खोल्यांत मी आणि आईचं लोखंडी कपाट, एवढेच आहोत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. सहा वर्षांत चार घरं बदलली आणि दर वेळी जिन्यात त्या कपाटाला एक नवा पोचा पडला. हमालांशी भांडून भांडून माझा घसा बसायचा, पोचा तसाच राहायचा. या घराचाही करार आता संपत आला होता.

म्हणून आडगावला वन बीएचके बघितला. चौथा मजला, फ्लॅट नंबर चारशे दोन. एक्कावन्न हजार टोकन भरलं. पंचेचाळीस दिवसांत बँकेचं मंजुरीपत्र आणा, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला, असं बिल्डरने लिहून घेतलं. दर रविवारी मी टेप घेऊन तिथे जायची. बेडरूमची भिंत मोजायची, पुन्हा मोजायची. कपाट तिथे बरोबर बसत होतं. एकदा ठेवलं की ते परत उचलायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

बँकेत बसले तो त्रेचाळिसावा दिवस होता.

या चौकशांची सुरुवात चिमाजीने करून दिली. आमच्या पॅकहाउसचा मुकादम. माल गाडीत चढायच्या आधी पाच व्यापाऱ्यांना फोन लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"मॅडम, लोनचं बी द्राक्षासारखंच हाय," तो म्हणाला. "पाच जागी भाव इचारायचा, मग माल सोडायचा. इचारायला काय पैसे लागत नाय."

मला पटलं. वीस वर्षं मी हेच बघत आलेय. मोबाईलवर एका बँकेच्या ॲपमध्ये पॅन नंबर टाकला, खालच्या बारीक अक्षरांवर टिक केली, व्याजदर बघितला. मग दुसरी बँक, मग तिसरी. इथपर्यंत चूक चिमाजीची.

तिसऱ्या अर्जानंतर संध्याकाळी साडेसातला फोन आला. "सई बोलतेय, उत्तराताई. जेवण झालं का?"

घरात जेवणाचं विचारणारं दोन वर्षांत कोणी नव्हतं. मी म्हणाले, "नाही, भात टाकलाय." तिने पगार विचारला, नोकरीची वर्षं विचारली, मग म्हणाली, "घरात कोण कोण असतं?" अर्जातला रकाना होता तो, मला काय कळत नव्हतं? तरी मी आईचं सगळं सांगितलं. शेवटचा आठवडा, हॉस्पिटल, सगळं. सई मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, "काळजी घ्या हं, ताई. पुढच्या आठवड्यात वाढदिवस दिसतोय तुमचा, आधीच शुभेच्छा."

त्या वर्षीची ती एकच शुभेच्छा.

सईचे आणखी दोन फोन आले. पगाराच्या स्लिपा तिला पाठवायच्या होत्या, त्या मी मुद्दाम लांबवल्या. मग फोन थांबले. आठवडाभर साडेसातला मी मोबाईल उशाशी, ओट्याशी, बाथरूमच्या दाराशी ठेवत होते. शेवटी चौथ्या ठिकाणी अर्ज भरला. फोन आला, पण सईचा नव्हता. तरी कोणीतरी बोललं, घरात कोण कोण असतं विचारलं. मग पाचवा, सहावा. व्याजदर तर मी बघायचंही सोडलं होतं. फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी माझं नाव घेऊन बोलायचं, त्यासाठी भरत होते. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

"तीन-चार चौकशा समजू शकतो," मयुरेश म्हणाला. "नंतरच्या कशासाठी?"

"भाव काढत होते," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "तुमचा पगार चांगला आहे. कोणाचं देणं नाही. पण आधी कधी मोठं कर्जही घेतलेलं नाही, एका फ्रिजचे हप्ते सोडले तर. अशा माणसाच्या नावावर एकदम नऊ चौकशा दिसल्या की बँकेला वाटतं, बाई अडचणीत आहेत आणि सगळे नाही म्हणतायत. सातशे साठचा स्कोअर सातशे एकवर आलाय. आम्हाला सातशे पंचवीस लागतो. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिला तर काही होत नाही, पण बँकेने पाहिला की नोंद होते."

"मग आत्ता तुम्ही पाहिलात तो?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "ती दहावी."

मला हसू आलं, आणि मग रडूही येईल असं वाटलं, म्हणून पाणी प्यायले.

"सोबत कोणी सहकर्जदार घेता येईल? मिस्टर, भाऊ? मग काहीतरी जमेल."

"मी एकटीच आहे."

"मग सहा महिने थांबा. कुठे अर्ज करू नका. कोणाला बघू देऊ नका."

सेहेचाळिसाव्या दिवशी चारशे दोन एका नवराबायकोने घेतला. बिल्डरने पाच हजार कापून टोकन परत दिलं. त्याच्याशी भांडले, पण तेवढ्यापुरतंच. पुढच्या महिन्यात मी नाशिकरोडला भाड्याच्या खोलीत आले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट भिंतीवर आपटलं. या वेळी हमालांना काही बोलले नाही.

परवा संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. मी धावत गेले.

"नमस्कार मॅडम, सायली बोलतेय. होम लोनसाठी दोन मिनिटं बोलू शकते का? फक्त पॅन नंबर सांगा, लगेच बघून सांगते."

पॅन नंबर तोंडपाठ आहे. ओठांपर्यंत आलाही होता.

"नको," मी म्हणाले. "अजून चार महिने माझ्याकडे कोणी बघायचं नाहीये."

"ओके, मॅडम."

"थांब, सायली. तुझी दोन मिनिटं आहेत ना? लोनचं राहू दे. जेवलीस का? घरात कोण कोण असतं तुझ्या?"

तिच्या मागे कितीतरी बायका एकदम बोलत होत्या. प्रत्येक जण कोणाला तरी हेच विचारत होती.

"मॅडम," सायली हळूच म्हणाली, "इथे कॉल रेकॉर्ड होतो."

आणि तिने फोन ठेवला.