छातीइतका पट्टा

उंबरमाळीच्या उतारावरचं ऐनाचं मालकी जंगल सातबाऱ्यावर राघोचं. राखायची मात्र त्याची विधवा भावजय गोदी. तिथल्या टहाळ्या जाळूनच तिचा राब, म्हणजे भातरोपांचा वाफा, भाजायचा. एका संशोधन संस्थेने ते जंगल पाहणीसाठी घेतलं होतं. गोदीच्या मुलाने, हरेशने, झाडांवर नंबर घातले. दर उन्हाळ्यात खोडावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर टेप धरून घेर मोजायचा, आकडे संस्थेला द्यायचे, आणि पाहणी चालेल तोवर कुऱ्हाड लावायची नाही, असं ठरलं होतं. राघो पाहणी संपायची वाट बघत होता.

चौथ्या वर्षी संस्थेचे साहेब आले. शहापूरच्या शाळेतून निवृत्त झालेला मी, इथली बोली त्यांना समजावी म्हणून बरोबर गेलो.

"झाडं बारीक होतायत," साहेब म्हणाले. "जंगल खालावलंय. इथली पाहणी थांबवावी लागेल."

"झाड कवा बारीक व्हतं का?" गोदी म्हणाली. "मानूस व्हतं."

मी चष्मा पुसून जवळच्या ऐनाकडे पाहिलं. पट्ट्याच्या बराच खाली आणखी एका पट्ट्याचा पुसट माग होता.

"हा खालचा कुणी मारला?"

"मी. पावसानं गेला, मंग हरेशनं मारला. छातीइतका मारा, संस्थेवाल्यांनीच सांगलेलं." ती झाडाला टेकून उभी राहिली. हरेशचा पट्टा तिच्या हनुवटीशी आला.

"आये, तुझी छाती माझ्या ढोपराशी येती," हरेश म्हणाला. सगळे हसले.

मीही हसलो. बोलायला मला क्वचितच धीर होतो, पण बोललो. "साहेब, झाडं बारीक नाही झाली. मोजायची जागा वर सरकली."

साहेबांनी दोन्ही पट्टे पाहिले. "म्हणजे चारही वर्षांचे आकडे बाद."

"पण जंगल चांगलं आहे."

"असेल. दाखवायला माझ्याकडे काय आहे?"

पुन्हा पहिल्यापासून मोजता येईल, असं मी म्हणालो. निदान म्हणालो असं मला वाटतं. साहेब तोवर उतरू लागले होते.

"गुरुजी, ऱ्हायली ना झाडं?" गोदीने विचारलं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो. दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

माघात राघोने लाकूडतोडीचा ठेकेदार आणला. गोदीने मला बोलावून घेतलं. मी जाऊन काय करणार होतो, पण गेलो. ठेकेदाराने एका ऐनावरच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"नंबर घातलेलेच हायेत की. तोडीआधीचं आमचं काम वाचलं. कुनी घातले?"

हरेशने आपण घातलेल्या आकड्यावर तळवा ठेवला. गोदी माझ्याकडे बघत होती.