तीनचा आठ

वाहनचालक
भूपेश. हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला, सकाळची पाळी. वाटेत सहा वर्षांच्या गुंजनला शाळेत सोडतो. ती मोटरसायकलवर पुढे, टाकीवर बसते. चौकातला लाल दिवा हे दोघे रोज तोडतात.

वाहन क्रमांक
"काळी टेप कुठी ठेवली वं?"
"काहून?" पोळी लाटता लाटता त्याच्या बायकोनं, धनश्रीनं विचारलं.
"चौकातल्या कॅमेऱ्याले चष्मा लावतो."
"त्यापेक्षा दहा मिनिटं आधी निघत जा ना!"
भूपेश हसला. पाटीवरच्या इंग्रजी तीनला टेपचे दोन तुकडे डकवले. तीनचा आठ झाला. काम फत्ते!

दंडाची सूचना कोणाला गेली?
महाल भागात राहणाऱ्या कृष्णकांत यांना. निवृत्त कारकून. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबणारा माणूस. त्यांच्या स्कूटरच्या पाटीवर खराखुरा आठ होता.
मोबाइलवर आलेल्या फोटोत मात्र परकी मोटरसायकल, आणि चालवणाऱ्याच्या हेल्मेटवर कारखान्याचं नाव. कृष्णकांत सरळ हिंगण्याला गेले. फाटकावरच्या चौकीदारानं फोटो पाहिला आणि हाक मारली, "ओ भूपेशभाऊ, तुमचा फोटो आला ना!"

वाहनचालकाचं म्हणणं
"काका, सगळेच तोडतात जी. हवालदार असता तं त्याले समजावता आलं असतं. ह्या डब्ब्याले का समजते?"
"हवालदाराला तुम्ही ओळखी सांगता, हात जोडता. कॅमेरा कुणाचा जावई नाही. म्हणून तर तो सगळ्यांना सारखा!"
"तक्रार नका करू जी. नोकरी जाईन."
"ते नंतर बोलू. आधी फोटो नीट पाहा."
"पाह्यला ना. मीच हाव."
"तुम्ही नाही हो. तुमच्या पुढे पाहा."

पुरावा
गुंजननं दोन्ही तळहातांनी डोळे गच्च झाकले होते. डावीकडे, हातभर अंतरावर, शहर बसचं चाक.
रोज भूपेशला पाठीमागून फक्त तिच्या वेण्या दिसत. पोरीला मजा येते, असंच तो समजत होता. ती कधी ओरडत नसे ना!
संध्याकाळी त्यानं विचारलं, "चौक आला का तू डोळे झाकते का वं?"
"हो."
"मंग सांगितलं काहून नाही?"
"तुम्हीच तं म्हणता, चौक येऊन राहिला, चूप बस."
भूपेश तसाच उठला आणि गाडीपाशी गेला.

शेरा
टेप निघाली. कृष्णकांतांना सोबत घेऊन भूपेश वाहतूक शाखेत गेला आणि आपला खरा नंबर स्वतः सांगितला. साहेबांनी झापलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.
दुसऱ्या सकाळी लाल दिवा. तो थांबला. मागून हॉर्नचा कल्लोळ.
"रस्ता खाली हाय ना गा! काहून थांबला?"
"पोरगी हाय ना समोर!" भूपेश मागे वळून ठणकावून बोलला. "तुह्या घरी नाही का कोणी?"
हॉर्न बंद झाला.

नागरिकहो, घाईत आपण फक्त रस्ता पाहतो. आपल्या भरवशावर गाडीवर बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला तो दिसतो. त्या कॅमेऱ्याला चुकवण्यात कसली आलीय हुशारी! दिवा लाल आहे ना? मग थांबा.