उत्तर सांगायचं नाही

दहावीच्या मुलांना अभ्यास कसा करायचा हे शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा ‘पुस्तक-बंद बाई’ म्हणायची. एका बस ड्रायव्हरला हे नाव त्याच्या दहावीतल्या मुलीकडूनच कळलं होतं, त्यामुळे बाईंसमोर बसल्यावर हसू दाबायची वेळ आली. पण हसण्यासारखं काही नव्हतं. सहामाहीत मुलगी विज्ञानात नऊ गुणांनी नापास झाली होती. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा. तीही गेली, तर शाळा यंदा दहावीला बसू देणार नव्हती.

बाईंनी मुलीचं पुस्तक उघडून पुढे सरकवलं. प्रत्येक ओळ पिवळी.

“कावीळ झालीय याला,” बाई म्हणाल्या. “ती वाचते खूप. वाचून वाचून ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं.”

हे ड्रायव्हरला लगेच पटलं आणि त्याने स्वतःचंच सांगितलं. नवा होता तेव्हा तो महिनाभर जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून फिरला होता. रस्ता तोंडपाठ झाला म्हणून खूश होता. पहिल्या दिवशी एकट्याने गाडी काढली आणि दुसऱ्याच चौकात, भरल्या गाडीनिशी, उजवीकडे की डावीकडे ते कळेना.

“मग काय केलंत?”

“कंडक्टरला विचारलं.”

“परीक्षेत कंडक्टर नसतो,” बाई म्हणाल्या. “रोज अर्धा तास पुस्तक मिटून तिला प्रश्न विचारा. आधी कालचे, मग चार दिवसांपूर्वीचे, मग नवे. अडली की थांबा.”

“मला यातलं काही कळत नाही हो. मी आठवी शिकलेला.”

“उत्तमच. म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत तिला सांगावं लागेल. आधी घरी कोण विचारायचं?”

“तिची आई.”

बाईंना माहीत होतं. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

ड्रायव्हरने मन लावून सुरुवात केली. ड्युटीवरून आला की हातपाय धुऊन समोर बसायचा. मुलगी सांगायला लागायची, मध्येच अडायची, आणि हा पुस्तक उघडून पुढचं वाचून टाकायचा.

“हां हां, तेच म्हणणार होते,” ती मान हलवायची.

दोघांनाही वाटलं, गाडी रुळावर आली. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी छोटी चाचणी घेतली. वीसपैकी सहा.

“बाबा, तू सिग्नलला यापेक्षा जास्त थांबतोस,” मुलगी वैतागून म्हणाली. “मला आठवायच्या आधीच तुझं सुरू. एवढी घाई कसली असते रे?”

“घाई कुठे? मदत करतो तुला.”

पण त्या संध्याकाळी भांडी घासताना त्याला उत्तर सापडलं, आणि ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटच्या महिन्यात बायको बोलता बोलता मध्येच थांबायची. त्याला ते बघवायचं नाही. तो पटकन पुढचं बोलून टाकायचा. “पाणी हवंय? उशी सरकवू?” बहुतेकदा ते चुकीचंच असायचं. तरी ती मान हलवायची. हळूहळू तिने वाक्यं सुरू करणंच सोडलं. तिला काय सांगायचं होतं ते तिच्याबरोबर गेलं.

त्याने नळ बंद केला आणि हात पुसून तसाच ओट्याशी उभा राहिला.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, “एकाच फेरीत रक्त हृदयात दोनदा कशाला येतं?”

“अंगातलं रक्त आधी उजव्या बाजूला येतं. तिथून फुफ्फुसात. मग...”

ती थांबली. ड्रायव्हरने हात मांड्यांखाली घातले.

“सांग ना,” ती म्हणाली.

“मला नाही येत.”

“पुस्तक कुठंय?”

“मी त्यावर बसलोय.”

“बाबा!”

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. मुलीचे डोळे भरून आले, नाक लाल झालं. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. इतक्या दिवसांत त्याचंच सगळं पाठ झालं होतं. त्याने दात आवळले. मिनिट गेलं असेल. त्याला तास वाटला.

“थांब,” ती म्हणाली. थांबलेला तर तोच होता. “फुफ्फुसात प्राणवायू मिळतो, पण तोवर जोर कमी झालेला असतो. म्हणून परत हृदयात, डाव्या बाजूला. तिथून जोरात धक्का, की सगळ्या अंगभर.”

“म्हणजे डेपोत येऊन डिझेल भरून परत रस्त्यावर?”

“तसं समज. फक्त तुमच्या डेपोसारखी रांग नसते.”

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. मुलगी बाहेर आली ती गप्पच. दप्तर त्याच्याकडे दिलं आणि चालू लागली. पेपर सोपा होता का, वेळ पुरला का, भूक लागली का, सगळं त्याच्या ओठांवर आलं. तो नुसता शेजारून चालत राहिला.

“पाचव्या प्रश्नाला अडकले होते,” शेवटी ती म्हणाली.

तो चालत राहिला.

“पेन खाली ठेवलं आणि बसून राहिले. आलं मग.” आणखी थोडं चालल्यावर म्हणाली, “पास होईन मी, बाबा.”

झाली. पास व्हायला लागतात त्यापेक्षा अकरा गुण जास्तच पडले.